रोपांचे व्याही

कोल्हापुरात कुणाच्या घरी जाऊन पाण्याचा घोटही न घेता उठणं म्हणजे उघड उघड भांडण काढणं. आमच्याकडे मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही चहा होतो, आणि तो नको म्हणाला तर घरातली माणसं दिवसभर त्याचं काय बिनसलं असेल याची चर्चा करतात. अशा गावात आमचे व्याही वर्षानुवर्षं लोकांच्या अंगणात जाऊन बसत, तासभर गप्पा मारत, आणि यजमानीण पाणी घेऊन आली की खांद्याच्या पिशवीतून स्वतःची हिरव्या बुचाची बाटली काढून तिच्यादेखत घटाघटा पाणी पीत. वर बाटली उंच करून दाखवत आणि म्हणत, "आमचं हाय."

व्याही हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. गावाबाहेर ओढ्याकाठी आमचं निसर्ग केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक पत्र्याची शेड, पक्ष्यांच्या चित्रांचा उन्हाने फिकटलेला फलक, पक्षी बघायला बांधलेला बांबूचा आडोसा आणि हिरव्या जाळीखालची रोपवाटिका. आसपासच्या लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं आणि वर्गणी काढूनच चालवलेलं. मी राजारामपुरीत राहते, विम्याच्या कार्यालयात नोकरी करते आणि रविवारी तिथे पडेल ते काम करायला जाते. व्याही रोज यायचे. ते मूळचे बिद्रीकडचे. एका साखर कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झाले, मग बायको गेली, मुलगा पुण्याला नोकरीला. घरात करमेना म्हणून एकदा केंद्र बघायला आले आणि संध्याकाळी जाताना रोपवाटिकेची किल्ली खिशात घालूनच गेले. ती त्यांना कुणी दिली होती, हे आजतागायत कळलेलं नाही.

देण्याच्या बाबतीत हा माणूस भलताच सढळ. सगळा जन्म कँटीनमध्ये गेल्यामुळे चार माणसांपुरता स्वयंपाक करणं त्यांना जमतच नसे. रविवारी ते डबा आणायचे तो आम्हा सगळ्यांना पुरून वर शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांच्याही तोंडात पडायचा. कुणाचं पेट्रोल संपलं की व्याह्यांची लूना, कुणाला खड्डा मारून हवा की व्याह्यांची कुदळ. खत ते स्वतःच्या पेन्शनमधून आणत आणि विचारलं तर "पडलं हुतं घरात" म्हणून सांगत. घरात शेणखत पडून असणारा शहरातला हा एकमेव माणूस असावा. फक्त एक गोष्ट ते सहजासहजी कुणाला देत नसत, ती म्हणजे रोप. आणि रोपवाटिका तर रोपं द्यायलाच काढलेली होती.

रोप मागायला आलेल्या माणसाला ते आधी बाकावर बसवत. मग चौकशी सुरू. घर स्वतःचं की भाड्याचं? अंगण केवढं? पाणी रोज येतं की दिवसाआड? उन्हाळ्यात गावाला गेलात तर पाणी कोण घालणार? शेजाऱ्याची शेळी आहे का, आणि शेजाऱ्याशी बोलणं आहे का? एवढ्यावर पास झालेल्याच्या घरी ते पुढच्या आठवड्यात स्वतः जात. जमीन पायाने ठोकून बघत, भिंतीपासून अंतर बघत, घरातल्या बाईचा चेहरा बघत. मुलगी द्यायच्या आधी स्थळ बघावं तसंच सगळं. रोप घेणाऱ्याला ते व्याही म्हणत, त्याच्या बायकोला विहीणबाई, आणि मग सगळं केंद्र त्यांनाच व्याही म्हणायला लागलं. एका नव्या बंगल्याच्या मालकाला त्यांनी साफ नकार दिला, कारण त्याने अंगणभर फरशी घातली होती. तो माणूस आमच्या केंद्राला देणगी देणारा निघाला. सचिवांनी व्याह्यांना बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा ते म्हणाले, देणगी परत करू की.

मी स्वतः त्यांच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आहे. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पण गॅलरी चांगली मोठी आहे. मी मोठ्या आशेने ती त्यांना दाखवली. त्यांनी कठड्यावरून खाली डोकावून बघितलं, वर तारेवरचे कपडे बघितले आणि म्हणाले, "ताई, ही वाळवणाची जागा झाली. हितं लेक दिऊन मी काय तिला पापड करू?" त्या दिवशी मात्र त्यांनी आमच्याकडे दोन कप चहा प्यायला, कारण रोप दिलेलं नव्हतं. नाकारलेल्या घरी चहा चालत असे. अडचण फक्त दिलेल्या घरी होती.

लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही जुन्या माणसांची रीत. माणसांनी ती केव्हाच सोडली. व्याह्यांनी ती झाडांना लावली. झाडाला पहिलं फूल आलं की लेकीला मूल झालं, असा त्यांचा हिशेब. तोवर दर दोन-तीन महिन्यांनी चक्कर टाकायची, आळं बघायचं, पानं उलटून बघायची, आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचं. फूल आलं की निरोप यायचा आणि व्याही अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून जेवायला जायचे. कुणाच्या सोनचाफ्याला कळी धरली की त्या घरी मटणाचा बेत ठरायचा आणि व्याही इतकी वर्षं नाकारलेलं सगळं एका बैठकीत वसूल करायचे. मी एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी? तेव्हा ते आळं करता करता मान वर न करता म्हणाले, "मला पोरगी न्हाय झाली. हौस ऱ्हायली." एवढं सांगून त्यांनी मला झारी आणायला पिटाळलं.

या रीतीने एकदा मात्र घात केला. कॉलनीत राहणाऱ्या एका बौद्ध कुटुंबाला त्यांनी बहाव्याचं रोप दिलं. घरातला मुलगा शाळेत शिक्षक, सून नर्स, आणि म्हातारी आई. रोप लावून झालं, म्हातारीने पितळी तांब्या भरून आणला, आणि व्याह्यांनी सवयीने पिशवीत हात घालून बाटली काढली. मी शेजारीच होते. म्हातारीचा चेहरा असा उतरला की मला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शांतपणे म्हणाली, "आमचं पानी चालत न्हाय व्हय?" व्याह्यांना क्षणभर काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी बाटली तशीच मातीत टाकली, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावून रिकामा केला. मग तिथेच पायरीवर बसून तिला आपली सगळी रीत सांगितली. म्हातारी ऐकून घेतल्यावर म्हणाली, की तुमची रीत तुमच्या डोक्यात, ती आमाला कशी दिसणार? व्याही म्हणाले, "चुकलं, विहीणबाई. झाडाची रीत माणसापरास मोठी न्हवं." त्यानंतर त्यांनी नवी पद्धत काढली. फाटकातूनच मोठ्याने ओरडायचे, "पाणी आणू नका, फूल येईस्तोवर पीत न्हाय, लेकीचा बाप हाय!" सगळी गल्ली बाहेर येऊन बघायची. पण गैरसमज कुणाचा झाला नाही.

त्यांच्या अपार प्रेमाला ज्ञानाची जोड होती, असा कुणाचा समज होऊ नये. नागाळा पार्कातल्या एका पेन्शनर जोडप्याला त्यांनी बकुळ म्हणून दिलेलं रोप चार वर्षांनी खिरणी निघालं. त्या घरी आलेल्या कुणा पाहुण्याने पानं बघून ते सांगितलं. व्याह्यांची झोप उडाली. एक दाखवली आणि दुसरीच दिली, असला बोल लागला तर बाप तोंड कसं दाखवणार? ते खरी बकुळ घेऊन, माझ्यासारख्या साक्षीदारासह, त्या घरी हात जोडून उभे राहिले आणि खिरणी परत नेतो म्हणाले. त्या घरच्या बाई भडकल्याच. एवढी वर्षं आम्ही जिला पाणी घातलं ती आता फक्त नावासाठी परत न्यायची का, असं त्यांनी विचारलं. खिरणी राहिली, बकुळही राहिली, आणि व्याही दोन्ही लेकींचे बाप होऊन बाटलीतलं पाणी पीत परत आले. वाटेत मला म्हणाले, बरं झालं, बहिणीला बहीण झाली.

पक्ष्यांच्या बाबतीत तर आनंदच होता. लहान असेल ती चिमणी, मोठी असेल ती घार, आणि मधलं सगळं "कायतरी कावळ्यातलं". बांबूच्या आडोशात लोक श्वास रोखून खंड्याची वाट बघत असताना मागून व्याह्यांचा आवाज यायचा, "पावणं, भाकरी खानार काय?" खंड्या उडून जायचा. कुणी रागावलं, तर भाकरीवर ठेचा वाढून व्याही विचारायचे, पक्षी उद्या येणार नाही का? आता काय बोलणार? तोंडात भाकरी असायची.

या सगळ्या लेकींत एक मात्र उजवली जात नव्हती. ती काटेसावर. कुणी लावलेली नव्हती. दुसऱ्याच कुठल्या रोपाच्या पिशवीत आपण होऊन उगवलेली. तळहाताएवढी होती तेव्हाच तिच्या खोडाला काटे आले. लोक यायचे, चाफ्याकडे बघत, बकुळीकडे बघत, हिच्या खोडाला हात लावत आणि हात मागे घेत. हिचा कापूस उडतो, काटे पोरांना लागतात, दारात कशाला ही? व्याही तिला दर रविवारी पुढच्या रांगेत आणून ठेवत. "रागीट हाय, पर मनानं चांगली हाय," असं सांगत. तिची पिशवी बदलली, मग डबा झाला, मग पत्र्याचा ड्रम. ती माझ्या डोक्याच्या वर गेली तरी स्थळ येईना.

त्यातच व्याह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याहून आला आणि आता तुम्ही एकटे राहायचं नाही म्हणाला. मुलगा चांगला आहे, त्याचं चुकलं काहीच नव्हतं. व्याही त्याला म्हणाले, ही एक दिली की येतो. मुलगा गेला, महिन्याने आला, पुन्हा तेच. शेवटी तो माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं, ही एक म्हणजे कोण? मी त्याला रोपवाटिकेत नेऊन ड्रम दाखवला. त्याने त्या काट्यांना बोट लावून बघितलं आणि म्हणाला, ताई, कुठेतरी द्या हो हिला.

माझं माहेर शाहूवाडीतलं. खाली भाताची खाचरं आणि वर उताराचा माळ. तिथे आमचा दादा आणि वहिनी असतात. मी व्याह्यांना म्हटलं, चला, स्थळ बघू. ते म्हणाले, बघायचं काय त्यात, तुमचं माहेर हाय न्हवं? एकही प्रश्न नाही. पाणी, शेळी, अंतर, काही नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस मनातून किती खचला आहे. पावसाळा लागल्यावर आम्ही छोटा हत्ती टेम्पो भाड्याने केला. व्याही पुढे बसले नाहीत. नव्या गुडघ्यासकट मागे ड्रमपाशी बसले आणि वळणावळणावर झाडाला धरून राहिले. उतरले तेव्हा हात ओरखड्यांनी लाल झाले होते.

दादा आमचा सरळ बोलणारा. झाड बघून म्हणाला, "सावर? तायडे, शेतात ही कोण लावतंय? काटं सांडत्यात नुसतं." आणि ज्या माणसाने अख्ख्या कोल्हापूरला बाकावर बसवून प्रश्न विचारले होते, तो माझ्या भावासमोर हात जोडून उभा राहिला. "पदरात घ्या, व्याही," म्हणाले, "कोपऱ्यात ऱ्हाईल. कुणाला तरास द्याची न्हाय." मला ते बघवेना. मी घरात निघून गेले. वहिनी चुलीपुढे होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती हात पुसत बाहेर आली आणि दादाला म्हणाली, "लावा की. माज्या आईच्या घरात सावरीच्या कापसाच्या उशा हुत्या. तसली झोप मला परत लागली न्हाय." दादा तिच्या शब्दाबाहेर नाही. माळाच्या कडेला खड्डा झाला.

झाड लागल्यावर वहिनीने गूळ-पाणी आणलं. व्याह्यांचं फाटकातून ओरडायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी आधी सगळी रीत सांगितली आणि मग बाटली काढली. वहिनी कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. तिला रीत माहीत होती, तिच्या आजोबांनी पाळलेली होती. पण सावरीला फूल यायला सात-आठ वर्षं सहज जातात, हेही तिला माहीत होतं. तसं तिने सांगितलं. व्याही बूच लावत म्हणाले, "मग तवर जगाय पायजे की."

त्याच महिन्यात ते पुण्याला गेले. रोपवाटिकेची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि दिलेल्या घरांची नावं तोंडी सांगायला लागले. मी म्हटलं, एवढ्या ठिकाणी मी कधी जाणार? तर ते म्हणाले, रविवारी काय काम असतं तुमाला? तेव्हापासून मी जाते. पहिल्या-पहिल्यांदा लोकांकडे बिनधास्त चहा घेत होते. मग मलाच कसंतरी वाटायला लागलं. आता माझ्याही पिशवीत बाटली असते. नवऱ्याने विचारलं, तुला काय झालं? मी बाटली भरून घेतली आणि निघाले.

दर रविवारी पुण्याहून फोन. "कशी हाय ती?" हा पहिला प्रश्न. ती म्हणजे सावर. तिची उंची, तिचे काटे, तिची पानगळ सगळं ऐकून झालं की मग कधी तरी मी कशी आहे ते विचारायचे. फूल आलं का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. आवाज दर वर्षी थोडा खाली येत गेला. एकदा मुलाने फोन घेऊन सांगितलं, की डॉक्टर प्रवास नको म्हणतायत, आणि बाबा दुसरं काही बोलतच नाहीत. त्या रात्री मी वहिनीला फोन करून उगाचच रडले.

आणि यंदा मे महिन्यात मुलगा डॉक्टरांचं न ऐकता त्यांना गाडीत घालून शाहूवाडीला घेऊन आला. व्याही वाळले होते, हातात काठी होती, इस्त्रीचा सदरा अंगावर लोंबत होता. बाटली होती, पण वाटेतच संपलेली. ऊन असं की दादा त्यांना सोप्यात बसा म्हणत होता, पण ते आधी माळाकडे निघाले. एका बाजूने मुलगा, एका बाजूने मी. सावर दीडदोन पुरुष उंच झालेली, नव्या पालवीची. फूल नव्हतं. यायचं वर्षही नव्हतं. ते खोडापाशी उभे राहिले, काटे चुकवून हात ठेवायला जागा शोधली आणि ठेवला. ओठ कोरडे पडले होते. वहिनी मागून पाण्याची कळशी आणि तांब्या घेऊन आली होती, तिने कळशी खाली ठेवली.

मग त्यांनी वर बघितलं आणि एकदम जुन्या आवाजात म्हणाले, "हे काय लोंबतंय? लेकीला अशी ठेवतासा व्हय?" एका बारक्या फांदीला वाळका पाला, जळमटं, कसलीशी सालं असं एक गबाळ लोंबत होतं. त्यांनी ते पाडायला काठी उचलली.

"काठी खाली घ्या, व्याही," वहिनी म्हणाली. "पिल्लं हायत त्यात."

आम्ही मागे सरकून उभे राहिलो. थोड्या वेळाने अंगठ्याएवढा एक पक्षी आला, त्या गबाळाला उलटा लोंबकळला, आणि आतून दोन चोची बाहेर आल्या. व्याही बघत राहिले. "चिमणी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, शिंजीर. "चिमणीच की," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

वहिनीने तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "फूल न्हाय आलं अजून," ती म्हणाली. "पर तुमच्या लेकीच्या घरात पोरं खेळाय लागली. आता घ्या पाणी."

व्याह्यांनी आधी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रीतीत बसतं का, असं त्यांना विचारायचं होतं. मी मान हलवली. त्यांनी काठी मुलाकडे दिली, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि डोळे मिटून, मधे श्वास न घेता सगळं पाणी प्यायले. सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. रिकामा तांब्या वहिनीच्या हातात देत विचारलं,

"जेवाय काय केलंय?"